मागच्या सीटची उजवी बाजू

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. वसईला आमची शाळेची वाट दफनभूमीतून जायची आणि आम्ही मुली तिथेच बसून डबे खायचो... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

१९९८चा उन्हाळा. मस्कतला अल् खुवैरमध्ये एका जुन्या व्हिलाचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला होता – केवळ तिथल्या ऐसपैस पोर्चसाठी! माझा नवरा इग्नेस एसीच्या कंपनीत सुपरवायझर, पण जीव सगळा जुन्या अमेरिकन गाड्यांत. इंजिनचे धुतलेले पार्ट माझ्या केकच्या ओव्हनमध्ये सुकवायचा, त्यावरून आमची भांडणं व्हायची. इंजिन, पत्रा, रंग त्याच्याकडे. सीटची शिलाई माझ्याकडे.

त्या वर्षी सूर गावचे सालेम नावाचे वयस्क ओमानी गृहस्थ आपली इम्पाला घेऊन आले. चौसष्ट सालची, चार दरवाजांची, कित्येक वर्षं शेडमध्ये पडून असलेली. मुलीच्या लग्नात त्यांना हीच गाडी हवी होती.

मागची सीट मी पार सांगाड्यापर्यंत उघडली. इग्नेसने नव्या स्प्रिंगा बसवल्या, त्यावर मी नवा फोम घातला, वर लाल रेक्झिन. सीट अशी ताठ झाली की मीच खूश! दुसऱ्या दिवशी बघते तर उजवीकडे खळगा. कुणीतरी बराच वेळ बसून उठावं तसा.

"फोम हलका लावलास," इग्नेस म्हणाला.

उसवलं. कडक फोम घातला. पुन्हा तिथेच खळगा. मग त्याने डावीकडच्या स्प्रिंगा उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे बसवल्या. खळगा उजवीकडेच!

"फिलू, लग्न तोंडावर आलंय. तुला जमत नसेल तर सांग, बाहेर देतो," तो वैतागून बोलला. मला रडूच आलं. माझ्या शिवणाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ऑफिसला गेलेला. मी गाडीचे दरवाजे उघडे टाकून मागच्या सीटवर डावीकडे बसले होते, कडेची पायपिंगची पट्टी हाताने टाचत. गल्लीत चिटपाखरू नाही, नुसती एसींची घरघर. आणि माझी बाजू जराशी वर आली... बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणी बसलं की येते ना, तशी. माझ्याजवळचं दोऱ्याचं रीळ घरंगळत गेलं आणि मध्येच थांबलं – कशाला तरी टेकून. पलीकडे रेक्झिनला हळूहळू सुरकुत्या पडत होत्या. त्याचा बारीक करकर आवाज मी ऐकला.

मला ओरडता येईना. प्रार्थनेचे शब्द आठवेनात. आणि हात काय करत होते, तर पसरलेला गाऊन जवळ ओढून घेत होते... शेजारणीला जागा करून द्यावी तसे!

संध्याकाळी इग्नेसला सगळं सांगितलं. तो हसला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाला, "आता ती सीट उघडू नकोस."

सालेम गाडी न्यायला आले तेव्हा मी माफी मागायच्या तयारीत होते. त्यांनी वाकून त्या खळग्यावर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"मेरा माँ इधर बैठता था," ते म्हणाले. "ठीक से चल नहीं सकता था. हर जुम्मा मैं समुंदर दिखाने ले जाता था." मग माझ्याकडे वळले. "ये जगह छोड़ने को तुमको किसने बोला?"

मी इग्नेसकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"माँ कब गुज़र गए?" मी कसंबसं विचारलं.

"बहुत साल हो गया."

त्यांनी मागचा उजवा दरवाजा उघडला आणि थांबले. गुडघे धरलेल्या म्हातारीला एक पाय आत टाकून, छताला धरून बसायला लागेल तेवढा वेळ. गाडी त्या बाजूला कुईं करून खाली बसली. मग त्यांनी दोन्ही हातांनी दरवाजा अलगद लोटला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"सस्पेन्शन नवीन आहे... सेट होतंय," इग्नेस पुटपुटला. आजही विचारलं की हेच म्हणतो. मी मात्र कितीजणांना विचारत फिरले – गॅरेजवाल्यांना, फादरना.

गाडी फाटकातून बाहेर पडताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सावकाश जा हं, आजी."

इग्नेसने ते ऐकलं. मला वाटलं, आता चिडेल. पण त्याने हात वर केला आणि गाडी वळेपर्यंत हलवत राहिला – मागच्या खिडकीकडे बघत.