नकाशावरचा खोटा देश

छावणीच्या भिंतीच्या कडेने दोघं बहीणभाऊ निम्मं अंतर चालून आले होते. बसस्टँड अजून लांब होता, ताईच्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, पण रिक्षा करू या असं कुणीच म्हणत नव्हतं. रिक्षात बसलं की बोलणं संपतं.

ताई धाकट्याला न्यायला आली होती. वडील हल्ली माणसं विसरायला लागले होते. शेजाऱ्याला लेक समजायचे आणि लेकाचं नाव काढलं की 'कोण तो?' म्हणायचे. धाकट्याची घराजवळ बदली होईल, या आशेवर तिने आजवर कळ काढली होती.

धाकटा सैन्यात सुभेदार. परदेशी सैन्यांबरोबर शांतिसेनेचा सराव व्हायचा; त्याआधी तीन नियोजन परिषदा बसायच्या, आणि त्यांची तयारी याच्या गळ्यात. सरावाला नकाशावर एक खोटा देश लागतो. त्यातली गावं, भांडणं, घरदार सोडून पळालेली माणसं, सगळं यानेच रचलेलं. म्हणून ऑफिसात त्याला 'राजे' म्हणत. साहेब येत, साहेब जात. राजे तिथेच.

"अरे, पण बदली मिळावी म्हणून तुझ्या जागी एक हवालदार तयार केलास ना?"

"केला की. चांगला घासूनपुसून केला. कुठल्या गावाचं कुणाशी का बिनसलं, सगळं तोंडपाठ. परवा साहेबांपुढे असा काही बोलला, की साहेब म्हणाले, यालाच परिषदेला परदेशी पाठवा."

"आणि तू?"

"मी इथे. मागे इथलं बघायला कुणीतरी हवं ना. शेवटची परिषद होईपर्यंत सुटका नाही, असं साहेबांनी सरळच सांगितलं."

"म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा."

"धोंडा कसला, डोंगर म्हण." तो हसला, पण चाल मंदावली.

"मी रोज देवापुढे हात जोडते ते तुझ्या बदलीसाठीच," ताई म्हणाली. "दुसरं काही मागत नाही."

स्टँडचा फाटा आला तसा तो थांबला.

"बदलीचं मागणं आता सोड, ताई," तो म्हणाला. "ती व्हायची तेव्हा होईल. तू रोज बाबांजवळ बसून माझ्याबद्दल बोलत जा. आणि देवाला एवढंच सांग, मी येईन तेव्हा त्यांना मी ओळखू येऊ दे."