पाचाला दोन

आमच्या शेताशेजारच्या मास्तरांइतका सरळ माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्या सरळपणानं मला जेवढा ताप दिला तेवढा कुणाच्या वाकडेपणानं दिला नाही. गणिताचे मास्तर. त्यांचं एकच म्हणणं, एक बिंदू द्या, चढ सांगा, रेषा कुठवर जाते ते बसल्या जागी लिहून देतो. लेण्याद्रीला गेलो तर ह्या गड्यानं दोन पायऱ्या मोजल्या, वहीत काहीतरी खरडलं आणि खालीच बसकण मारली. मास्तरीणबाई वर जाऊन, दर्शन घेऊन, घामाघूम उतरल्या, तर हे म्हणतात, "मी कधीच पोचलो होतो." पंगतीत पत्रावळ्या वाकड्या मांडल्या तर जेवायला बसायचे नाहीत. वाढपी त्यांना बघून लपायचे.

गावात मोबाईल नवेनवे आले त्या पावसाळ्यात ओढा फुटला आणि आमच्या दोघांमधला बांध वाहून गेला. हद्दीचा एकच दगड उरला. मी म्हटलं, मोजणीवाले बोलवू. मास्तर खवळले. "कशाला? दगड हा बिंदू. नकाशात चढ आहे, पूर्वेला पाच पावलं तर उत्तरेला दोन. झाली रेषा!" त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं वाय, एक्स असलं काय काय लिहिलं. मग पूर्वेची शंभर पावलं ते चालले. त्यांचे गुडघे भरून आले, तेव्हा उत्तरेची चाळीस मी चाललो. खुंटी ठोकली, दोरी ताणली, आणि मास्तरांची विहीर सगळी माझ्या रानात!

मास्तरांचा चेहरा कोळशासारखा झाला. त्यांचा सगळा कांदा त्या पाण्यावर. तरी म्हणाले, "विहीर तुमची, भाऊ. समीकरण खोटं बोलत नाही."

"मला न्हाई पायजे कागदातली इहीर!"

"घ्यावी लागेल!"

"न्हाई घेत जा!"

तीन दिवस आम्ही असे भांडलो. लोक म्हणायचे, यांना काय लागलंय? चौथ्या दिवशी दोरीकडं बघत असताना माझ्या चौथी नापास टाळक्यात उजेड पडला.

"मास्तर, पूर्वेला तुमी चालला, उत्तरेला मी. तुमचं पाऊल आखूड, माझं लांब. चढ लई वाढला की राव, रेषा तुमच्या रानात शिरली!"

मास्तर तडक भिंतीपुढं गेले. मला वाटलं, चिडतील. धोतराच्या सोग्यानं त्यांनी सगळं पुसलं.

"पुन्हा मोजू. पण सगळी पावलं तुम्हीच टाका, भाऊ. माझी आता दरसाल आखूड होत चाललीत."

मी चाललो, ते दगडावर बसून मोठ्यानं मोजत राहिले. विहीर त्यांच्याकडंच राहिली. पुढच्या कांद्याला मात्र ते नव्हते. मास्तरीणबाईंचं रान आता मीच भिजवतो, आणि विहिरीकडं जाताना पावलं मोजली जातात. चुकलो तर सांगणारं कुणी नाही, म्हणून सावकाश चालतो.