बावखलावर ब्लीचिंगची गोणी

आमच्या बोळिंजच्या सोसायटीला लागून एक बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीच्या पाण्यासाठी जुन्या लोकांनी खणलेलं तळं. त्यातल्या बेडकांचा आवाज असा, की चौथ्या मजल्यावरचा आमचा कुकर त्यांची परवानगी घेऊन शिट्टी मारतो. एक बेडूक तर हेल्मेटएवढा. मी त्याच्यावर हेल्मेट घालून पाहिलं, घट्ट झालं.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीची सहल चिंचोटीच्या धबधब्यावर गेली. मनसोक्त भिजायचं आणि त्याच ओल्या जीन्समध्ये घरी यायचं, हा आमचा रिवाज. आठवड्याभरात अख्खी बी विंग खाजवू लागली. कुणाचाच हात मोकळा नसे, लिफ्टची बटणं कोपराने दाबावी लागत. त्यातच सेक्रेटरींनी मोबाइलवर वाचलं, की बेडकांना कातडीच्या बुरशीचा रोग होतो आणि त्याने जगभर बेडूक मरताहेत. झालं! गुन्हेगार सापडला. रविवारी सकाळी ते स्कूटरवर ब्लीचिंग पावडरची गोणी टाकून बावखलावर हजर, मागे अर्धी सोसायटी.

वाडीचे मालक म्हातारबाबा बांधावर आडवे उभे राहिले. "ह्याच पान्यावर माझी केळी जगते, सेक्रेटरी. पानी माझं, बेडूक माझे, खाज तेवढी तुमची!"

"बाबा, पब्लिक हेल्थचा प्रश्न आहे," सेक्रेटरी मांडी खाजवत म्हणाले.

मी आधीच भाचीला बोलावून ठेवलं होतं. ती बेडकांवर संशोधन करते. स्थळं बघताना आम्ही नुसतं 'सायन्स' म्हणतो. तिने हातमोजे चढवले, हेल्मेटवाल्याला उचललं आणि कापसाची काडी त्याच्या पोटावरून, मांड्यांवरून फिरवली. पुढच्या बेडकाला नवे हातमोजे. बेडूक कोरोनाच्या टेस्टला आणलेल्या जावयासारखे गाल फुगवून बसले होते.

मग ती म्हणाली, "सेक्रेटरीकाका, गोणी उघडा."

बाबांचा चेहरा उतरला.

"टबभर पाण्यात कालवा आणि सगळ्यांनी चपला बुडवा. लांब, त्या झाडापाशी. बेडकांची ही बुरशी माणसाला होत नाही. तुमची खाज ओल्या जीन्सची. पण एका पाण्यातला चिखल पायाला लागून दुसऱ्या पाण्यात गेला, तर रोग बेडकांपर्यंत पोचू शकतो. चिंचोटीचे बूट कोणी घातलेत?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. सेक्रेटरींच्या निळ्या बुटांवर चिंचोटी अजून वाळत होती. ते बूट टबात गेले आणि बाहेर आले ते ढगाळ होऊन.

खाज मलमाने गेली. बेडकांचा रिपोर्ट मात्र लवकर येईना. तोवर बाबा दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर बेडकांच्या नावाने मेणबत्ती लावत होते. अखेर भाचीचा फोन आला: बुरशी नाही!

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी गोड हसत केळी घ्यायला वाडीत गेले. बाबांनी फणी पुढे केली आणि पुन्हा मागे घेतली. टबाकडे बोट दाखवत म्हणाले,

"आधी बूट, सेक्रेटरी. पब्लिक हेल्थचा प्रश्न हाय."