शनिवारचे बंद पाकीट

मी यशवंत गोविंद काळभोर, वय अठ्ठ्याहत्तर. शिक्षण सातवी, उरलेले सर्व छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता वाचले. विश्रांतवाडीतील एका शाळेत शेख बाई विज्ञानाचा ‘रहस्य तास’ घेतात. दर शनिवारी त्यासाठी रहस्य रचून देणे माझ्याकडे असते. उत्तर मी बंद पाकिटात नेतो. मुलांनी पुराव्यानिशी शोध लावला की ते फोडायचे. तीन जिने चढून मी पार थकतो. किस्से मात्र न बोलावता साचत जातात.

*

पहिले रहस्य : बाईंचा डबा कोणी उघडला? मुलांनी पावडर टाकून बोटांचे ठसे उठवले आणि ताडून पाहण्यासाठी स्टाफरूममधले ग्लास पळवले. ठसा माझा निघायला हवा होता. तो निघालाच, शेजारी आणखी एक निघाला, मुख्याध्यापकांचा!

“अहो, झाकण नीट लागलंय का, एवढंच पाहिलं मी!”

“सर, मग वडा कुठे गेला?”

त्या दिवसापासून या तासाविषयी त्यांचे मत बिघडले.

*

पुढे ‘सोमवारी सुट्टी’ अशी निनावी चिठ्ठी. शाईचा ठिपका टिपकागदावर घेऊन कागदाची कड पाण्यात बुडवली की शाईतले रंग सुटे होतात आणि पेन ओळखता येते. मुलांनी सर्व शिक्षकांची पेने तपासली. सगळी एकाच खोक्यातली!

“आजोबा, अख्खा स्टाफच गुन्हेगार आहे!”

पाकिटात नाव होते शेख बाईंचे. त्या म्हणाल्या, “एकटी अडकण्यापेक्षा हे बरं.”

*

फळा साबणाने कोणी पुसला? साबण लागलेल्या हाताने हळदीचा कागद लाल होतो. चाळीस मुलांचे हात तपासले. एकही कागद लाल होईना. आदल्या दिवशी फळा पुसून गेलेला, मी ठरवलेला गुन्हेगार त्या दिवशी गैरहजर होता!

*

अखेर मुख्याध्यापक म्हणाले, “अभ्यासक्रम मागे पडतोय. या शनिवारी मी स्वतः बसतो. ठोस उत्तर निघालं नाही, तर तास बंद.”

मी खात्रीचे रहस्य निवडले. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढते. का? पाकिटात लिहिले होते : ‘जळताना प्राणवायू संपतो, त्याची जागा पाणी घेते.’ हे वाक्य पन्नास वर्षांपूर्वी एका पाठ्यपुस्तकासाठी मी स्वतःच्या हाताने जुळवले होते.

आठवीतल्या आर्याने दोन मेणबत्त्या लावून तोच ग्लास पुन्हा उपडा घातला. पाणी पहिल्यापेक्षा वर चढले.

“आजोबा, ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच. मग पाणी जास्त कसं?”

“काळभोर, फोडा की पाकीट!” मुख्याध्यापक म्हणाले.

“त्यात चूक लिहिली आहे,” मी म्हणालो. “बरोबर उत्तर मला ठाऊक नाही.”

बाई खाली पाहत होत्या. मुख्याध्यापक उठले, टेबलापाशी आले आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

“आर्या, तिसरी मेणबत्ती आहे का गं?”

तास अजून चालू आहे. पाकीट मी नेत नाही.