फरशीचा तुकडा

भट्टीसरांच्या तोंडून कौतुकाचा शब्द ऐकलेला माणूस बीडमध्ये मला अजून भेटायचा आहे. वर्गापेक्षा प्रयोगशाळेतल्या भट्टीपाशीच त्यांचा मुक्काम, म्हणून हे नाव. माझ्या पीएच.डी.चे ते मार्गदर्शक. मला ते मुळीच आवडत नसत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

आमचं काम म्हणजे दोन भुकट्या खलायच्या, दाबून वड्या पाडायच्या आणि भट्टीत भाजायच्या. एक भुकटी चुंबकाने ताणली जाणारी, दुसरी ताण बसला की वीज देणारी. दोघी एकमेकींत विरघळून न जाता घट्ट चिकटल्या, तर चुंबकाच्या जोरावर वीज मिळते. ती वाढवायची, हा माझा विषय. यात शिसं घातलं तर काम सोपं होतं, पण सरांनी शिशाला कपाटातसुद्धा थारा दिला नव्हता. "शिशानं वीज लई येती. पण भट्टीतला धूर आपल्याच छातीत जातो," म्हणायचे. इथवर ठीक. पण वडीला केसाएवढी चीर दिसली, की ती खलात टाकून ठेचायचे. माझ्या कष्टांचं असं कितीदा पीठ झालं.

दुष्काळाच्या साली सर आपले बैल घेऊन चारा छावणीत राहायला गेले आणि इकडे माझ्या वडीने कधी नव्हे एवढी वीज दाखवली. मी हरखून गेले. आमचं कॉलेज साखर कारखान्याच्या संस्थेचं. उसाअभावी कारखाना बंद, सभासद खवळलेले; चेअरमनसाहेबांना वार्षिक सभेत दाखवायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी मला प्रयोग मंचावर मांडायला सांगितला आणि कायमच्या नोकरीचा शब्द दिला.

सभेत मी तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून चुंबक चालू केला. मीटरवर आकडा चढला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात सर छावणीतून थेट आले, चपलेला शेण तसंच. मंचावर चढून त्यांनी माझी वडी काढली आणि मंडपाबाहेरून उचलून आणलेला फरशीचा तुकडा तिच्या जागी बसवला. आकडा तेवढाच आला.

"वीज वडीतली न्हाई, चुंबकानं मीटरच्या तारांतच उठलेली हाय," ते माईकवर म्हणाले. "आधी फरशी कावून ठिवून बघितली न्हाई?"

खरं होतं ते. पण भर सभेत? बाजूला घेऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? सभासद खो खो हसले. नोकरी चेअरमनसाहेबांच्या भाच्याला लागली. मी बीड सोडलं ते सरांच्या नावाने बोटं मोडतच.

दुसऱ्या गावी मी पुन्हा वड्या भाजल्या. बिनशिशाच्याच. चुंबकाने तारांतच वीज उठू नये म्हणून त्यांना पीळ दिला, आणि प्रत्येक मोजणीआधी फरशीचा तुकडा ठेवला. वीज वाढली, थोडी, पण वडीतलीच. माझा शोधनिबंध छापून आला. तो सरांच्या तोंडावर फेकायचा म्हणून मी लिंबागणेशजवळच्या छावणीत गेले. तेव्हाही दुष्काळच होता.

सर बैलांपुढे उसाचं वाढं टाकत होते. हात सदऱ्याला पुसून त्यांनी निबंध शेवटपर्यंत वाचला. मी उन्हात उभी.

"फरशी ठिवून बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"शून्य."

त्यांनी मान हलवली. कागदांची घडी करून ती खिशात घातली आणि पुन्हा वैरणीकडे वळले. फेकायला म्हणून नेलेला निबंध त्यांच्याकडेच राहिला.

एसटीत बीड येईपर्यंत मी त्यांना शिव्या दिल्या आणि पदराने डोळे पुसले. एवढं होऊनही त्या माणसाने शाब्बास म्हटलं नव्हतं.