इनासकाकांचं गॅस्केट

इनासकाकांच्या प्रत्येक टी-शर्टवर डाव्या बाजूला, छातीपाशी, एक काळपट डाग असायचा. धुतल्यावर तो फिका व्हायचा, पण कधी जायचा नाही. पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा मला वाटलं, खिशात पेन फुटलं असेल. पुढे कळलं की काही चुकलं, म्हणजे चहा सांडला, हातातला पाना निसटला, कोणाला फोन करायचा राहून गेला, की ते उजव्या हाताची मूठ वळून छातीवर दोनदा हलकेच ठोकत आणि म्हणत, "चुकलं ते माझंच." चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या, सुरुवातीला पापांची कबुली देताना तसं ठोकतात. इनासकाका ते दिवसभर करत, आणि त्यांचे हात बहुतेक वेळा इंजिन ऑइलने माखलेले असत.

ते मूळचे वसईचे. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात, आमच्या मागच्याच रस्त्यावर, ते आणि त्यांची बायको ब्रिजिटआंटी राहत. नोकरी रेल्वेच्या सिग्नलची, इंजिनिअर माणूस, पण जीव सगळा जुन्या गाड्यांत. तरुणपणी वडिलांचा भाजीचा टेम्पो ते स्वतः दुरुस्त करत आणि बऱ्याचदा, त्यांच्याच सांगण्यानुसार, आणखी बिघडवत. इथले सगळे त्यांना अंकल म्हणत. मी पुण्याची, माझ्या तोंडून काका निघालं. "बरं वाटलं," ते म्हणाले. "अंकल म्हटलं की मी मागे वळून बघतो, कोण आलंय म्हणून."

आमची ऑस्ट्रेलियातली पहिली गाडी आम्ही त्यांच्याकडूनच घेतली. वीस वर्षं जुनी स्टेशन वॅगन होती. विकताना त्यांनी तिचे इतके दोष सांगितले की माझा नवरा सुजय शेवटी म्हणाला, "काका, तुम्हाला विकायची आहे ना नक्की?" डावी खिडकी अडकते, एसी दमतो, मागच्या सीटवर त्यांच्या भाच्याने एकदा उलटी केली होती, सगळं सांगितलं. एक दोष सांगायचा राहिला, कारण तो त्यांनाच ठाऊक नव्हता.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि माझी शिफ्ट पहाटे सुरू होते, तेव्हा ट्रेन नसते. गाडी माझ्याच हातात असायची. काही आठवड्यांनी सिग्नलला थांबलं की तव्यावर तेल जळाल्याचा वास येऊ लागला, आणि ड्राइव्हवेवर भाकरीएवढा काळा डाग दिसला. काकांना बोलावलं. ते गुडघ्यांवर बसले, टॉर्च मारला, आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"टायमिंग कव्हरचं गॅस्केट गेलंय," ते खालूनच म्हणाले. मग उठून समजावून सांगितलं. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला एक धातूचं झाकण असतं, त्याच्या आत साखळी फिरते. झाकण आणि इंजिन यांच्या मधली पट्टी म्हणजे गॅस्केट. ते म्हातारं होऊन कडक झालं होतं आणि तिथून ऑइल झिरपत होतं.

"नो वरीज काका, आम्ही गॅरेजला दाखवतो," सुजय म्हणाला.

"अजिबात नाही. माझा ड्राइव्हवे खराब होऊ नये म्हणून मी गाडीखाली पुठ्ठा घालायचो. दर महिन्याला गुंडाळायचो आणि कचऱ्याच्या बिनमध्ये टाकायचो. एकदा, एकदा तरी उलगडून बघायला काय झालं होतं मला?" आणि मूठ छातीवर. "चुकलं ते माझंच."

खरं सांगायचं तर त्यांच्या या माफीचा मला वैताग यायचा. समोरचा माणूस सतत स्वतःला अपराधी ठरवू लागला की आपल्याला सतत त्याची समजूत घालत बसावं लागतं. पण त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या चालू गाडीची किल्ली माझ्या हातात कोंबली, आमची गाडी ढकलत त्यांच्या गॅरेजात नेली, आणि ऑफिसला जाताना स्टेशनपर्यंत सायकलने जाऊ लागले.

तो भारतातल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा एप्रिल होता. आमच्या मेलबर्नमध्ये दुकानं उघडी होती, मुलं शाळेत जात होती, लोक बार्बेक्यू करत होते. फक्त ऑस्ट्रेलिया देशाचं दार बंद होतं. तिकडे नातेवाईक ऑक्सिजन शोधत होते आणि आम्ही इकडे, आज काय करू या जेवायला, असं एकमेकांना विचारत होतो. त्या दिवसांत आम्ही सगळेच जरा लाजून जेवायचो.

काकांची आई वसईला, धाकट्या भावाकडे होती. पास्कू त्याचं नाव. काका दर संध्याकाळी गॅरेजातूनच फोन लावत आणि स्पीकरवर ठेवत, कारण हात मोकळे नसत. शिफ्टहून आले की आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपार कलल्यावर, मी तिथे टॉर्च धरायला जायची, त्यामुळे ते बोलणं माझ्या कानांवर पडायचं. मायलेकांची ती खास वसईची बोली, मला अर्धीही कळत नसे. पण 'तिकीट' हा शब्द रोज यायचा.

"काय सांगता हो त्यांना?" मी एकदा विचारलं.

"सांगतो, तिकीट काढलंय, येतो."

"काढलंय?"

"पहिलं खरंच काढलं होतं. ते रद्द झालं. मग दुसरं काढायच्या वेळी ब्रिजिट म्हणाली, गेलास तर परत कधी येऊ देतील, कोण जाणे. नोकरीचं काय? मलाही पटलं. पटलं म्हणजे, पटवून घेतलं." ते एक बोल्ट सोडवू लागले. "आता विमानंच बंद आहेत. पण तिला तिकीट नाही असं कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग त्या काय म्हणतात?"

"म्हणते, घाई करू नकोस."

फोन ठेवला की मूठ छातीवर जायची. या वेळी तोंडाने काही म्हणत नसत.

काम मात्र ते झोकात करत. ब्रिजिटआंटींचा मसाल्याचा गोल डबा त्यांनी पळवला होता. झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर इंजिनालाच तडा जातो, म्हणून एकेका वाटीत एकेका लांबीचे. "मोहरीत आखूड, धन्यात मधले, हळदीत सगळ्यात लांब," ते मला शिकवत. मी पाना द्यायला गेले की विचारायचे, "हा कुठल्या वाटीतला?" आणि मी म्हणायची, "हळद." आंटी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, की हळद कागदाच्या पुडीत काढून ठेवलीये, निदान आज तरी डबा परत मिळेल का. इंजिनाखाली लाकडाची फळी लावून जॅकने ते तोलून धरलं, समोरच्या मोठ्या पुलीचा बोल्ट काढताना दोघांनी मिळून लोखंडी पाइपवर जोर लावला, आणि झाकण सुटलं तेव्हा काका त्या जुन्या कडक पट्टीकडे बघून म्हणाले, "बिचारी. किती वर्षं धरून होती."

नवं गॅस्केट आलं त्याच सुमारास त्यांच्या आईला ताप आला. मग फोनवर तिचा आवाज येईना, पास्कूचाच यायला लागला. काकांनी जुन्या गॅस्केटचे चिकटलेले कण खरवडायला घेतले आणि खरवडतच राहिले. आरशासारखं लख्ख झालं तरी थांबेनात. मी म्हटलं, "काका, झालं की." ते म्हणाले, "होऊ दे अजून."

ज्या दिवशी झाकण बसवायचं होतं त्या दिवशी मी गेले तर गॅरेजचं दार उघडं होतं आणि आंटी पायरीवर बसून रडत होत्या. काकांची आई आदल्या रात्री गेली होती. मी परत फिरणार तेवढ्यात काका म्हणाले, "ये, टॉर्च धर. आज बसवून टाकू." आंटींनी मला हातानेच खूण केली, की करू दे त्याला.

त्यांनी गॅस्केट झाकणावर बसवलं, कोपऱ्यांवर आणि सांध्यांवर सिलिकॉनची बारीक दोरी ओढली. "हे लावलं की साय धरायच्या आत झाकण बसवायचं," ते म्हणाले. "साय धरली की मग ते चिकटत नाही, नुसतं बसल्यासारखं दिसतं." तेवढ्यात फोन वाजला. पास्कूचा व्हिडिओ कॉल. चर्चमागची कब्रस्तानाची जागा, पांढऱ्या पीपीई किटमधली चार माणसं, लांबवर उभे फादर. यापेक्षा जास्त लोकांना परवानगी नव्हती.

काकांनी फोन गाडीच्या बॅटरीला टेकवून उभा केला आणि झाकण दोन्ही हातांत तसंच धरून उभे राहिले. प्रार्थना तुटक ऐकू येत होती, चित्र मध्येच थिजत होतं. आंटी आत येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग पास्कू कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला आणि बोलला. ते मलाही कळलं: "दादा, तुझ्या वाटची माती मी टाकतो." काकांनी मान हलवली. हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांना मूठही वळता आली नाही. सगळं आटोपेपर्यंत ते तसेच उभे होते. मग फोन बंद झाला आणि त्यांनी झाकण इंजिनाला लावलं, मोहरी, धने, हळद करत सगळे बोल्ट आवळले. सिलिकॉनकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

गाडी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत ड्राइव्हवेवर पुन्हा डाग दिसला. या वेळी कारण मला माहीत होतं. काकांना ते सांगायचं म्हणजे, तुम्ही आईच्या मातीला उभे राहिलात म्हणून हे गळतंय, असंच सांगणं होतं. मी आधी आंटींना विचारलं.  त्या म्हणाल्या, "मीनल, तो नीट जेवत पण नाही गं. एवढीच एक गोष्ट धड झाली असं म्हणत असतो. नको सांगूस. प्लीज."

म्हणून काका ऑफिसात असताना आम्ही गाडी लांबच्या एका गॅरेजला नेली. "हू डिड धिस, मेट?" मेकॅनिकने विचारलं. सुजय म्हणाला, घरच्याच माणसाने. त्याने झाकण पुन्हा काढून बसवलं आणि गळती थांबली.

त्यानंतर काका दर रविवारी मिस्सा आटोपून टॉर्च घेऊन येत. चांगल्या शर्टात असूनही जमिनीवर वाकत, आत प्रकाश टाकत आणि म्हणत, "कोरडं आहे." आम्ही म्हणायचो, "अगदी थेंब नाही काका, तुमचा हात लागलाय." ते चहा घेत आणि जात. ते गेले की सुजय आणि मी एकमेकांकडे बघत नसू. लॅबमध्ये मी दिवसभर लोकांचे खरे रिपोर्ट पाठवायची आणि रविवारी आमच्याच ड्राइव्हवेवर उभी राहून थाप मारायची. चांगल्यासाठी का होईना, पण एका साध्या माणसाला आम्ही दोघं मिळून बनवत होतो, आणि तो आमचे आभार मानत होता. याची लाज वाटायची. रविवारची सकाळ मला नकोशी झाली.

देशाचं दार उघडल्यावर इनासकाकांनी नोकरी सोडली. आधी वसईला जायचं, आईच्या नावाने मिस्सा करायचा, आणि मग तिथेच राहता येतं का बघायचं, असं काका-आंटी दोघांचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते एकटेच आमच्याकडे आले. टॉर्च आणला नव्हता. बॉनेट उघडायला सांगितलं आणि दोन्ही हात गाडीच्या कडेवर टेकून आत बघत राहिले.

"मीनल, मी काळं सिलिकॉन लावलं होतं," ते म्हणाले. "हे करडं आहे."

माझे कान तापले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी. टॉर्च मारल्यावर दिसणारच ना."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही दोघं किती तयारीने उभे असायचात. सुजय तर माझ्याआधी खाली वाकायचा. म्हटलं, माझ्यासाठी एवढं करतायत, तर करू दे. कन्फेशनला मात्र सांगितलं फादरांना."

"काय सांगितलंत?"

"की माझ्यापायी दोन चांगली माणसं दर रविवारी खोटं बोलतायत."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून थांबवलं. माफी मागण्यात त्यांच्या पुढे जाणं कोणाला कधी जमलंच नव्हतं.

"मला राग नाही आला गं," ते म्हणाले. "एकदाही नाही. रविवारची वाट बघायचो मी. ठाऊक असूनही बरं वाटायचं." त्यांनी बॉनेट हळूच खाली आणलं, पण बंद केलं नाही, हातातच धरून ठेवलं. "म्हणून मी विचार करतोय. मी फोनवर आईला म्हणायचो ना, तिकीट काढलंय. तेव्हा तिला पण..."



"त्यांना माहीत होतं, काका," मी म्हणाले. "आणि त्यांना राग नव्हता."

त्यांच्या आईला मी कधी पाहिलं नव्हतं. फोनवरचा आवाज तेवढा ऐकलेला, तोही न कळणाऱ्या बोलीत. त्या बाईच्या मनात काय होतं, हे मला कुठून ठाऊक असणार? पण मी ते त्यांच्या डोळ्यांत बघून, न अडखळता सांगितलं. इनासकाका माझ्याकडे बघत राहिले.

"खोटं चांगलं बोलायला लागलीस तू," ते म्हणाले. मग बॉनेट बंद केलं आणि त्याच्यावर हात ठेवून, खाली बघत म्हणाले, "परत एकदा म्हण."

मी परत म्हणाले.