ताटावरचा दिवा

परवा अंधेरीतल्या एका दुकानात लांब वायरवर लोंबणारा, पितळी टोपीचा दिवा दिसला आणि मी थेट बोरीवलीच्या आमच्या एका खोलीत जाऊन पोचले. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. बाबांच्या मरोळच्या कारखान्यात असे दिवे परदेशी पाठवायला बनायचे. त्यातला पोचा पडलेला एक ते घरी घेऊन आले. "हा जेवणाच्या टेबलावर लावतात," ते ऐटीत म्हणाले. "टेबल खंय आसा आपल्याकडे?" आईने स्टोव्हपाशी बसूनच विचारलं. बाबांनी दिवा छताच्या हुकाला अडकवला. मग "दिवोच खाली येतलो," म्हणत त्यांनी वायर सोडत सोडत दिवा पार जमिनीवरच्या ताटांपर्यंत उतरवला आणि ट्यूबलाइट बंद केली. पिवळ्या उजेडात बांगड्याचं तिखलं, भाताची वाफ आणि आमचे तीन चेहरे एवढंच उरलं. पोपडे धरलेली भिंत, ट्रंका, दोरीवरचे कपडे सगळं अंधारात गेलं. "खोली मोठी झाली गो," आई मला हळूच म्हणाली. दुकानात मी नकळत दिव्याखाली मांडी घालून बसले, तसा दुकानदार धावत आला. "मॅडम, चक्कर आली का? खुर्ची देऊ?" म्हटलं, "नको, दिवा जरा खाली घ्या."